राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीत नक्की किती ताकद असते? एका इमिग्रेशन वकिलाचं लांबलचक उत्तर

प्रश्न असा आहे: राष्ट्राध्यक्ष दर आठवड्याला कॅमेऱ्यासमोर कशावर तरी सही करतात, मग अमेरिकेत काँग्रेस (म्हणजे संसद) आणि कोर्टं आहेत कशाला? आणि उद्या अशाच एका सहीने बायकोचं एच-फोरवरचं (म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरचं) वर्क परमिट, माझं एच-वन-बी (तो नोकरीचा व्हिसा) आणि ग्रीन कार्डची (कायम राहायच्या परवान्याची) लाईन, हे सगळं उडू शकतं का?

आधी थेट सांगतो. वर्क परमिट जाऊ शकतं, पण नुसत्या सहीने नाही. एच-वन-बीवर बाहेरून देशात येणं सहीने अडवता येतं. आणि ग्रीन कार्डचा कोटा सहीने तसूभरही हलत नाही. आता एकाच माणसाच्या एकाच पेनला तीन ठिकाणी तीन वेगळे रिझल्ट का, ते समजलं की एक्झिक्युटिव्ह ब्रँच, म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि त्याच्या हाताखालची खाती, बरीचशी समजली म्हणायची. मी इथे बरीच वर्षं इमिग्रेशनचीच प्रॅक्टिस करतोय, त्यामुळे उदाहरणं माझ्या धंद्यातली येणार, चालवून घ्या.

अमेरिकन राज्यघटनेचं दुसरं कलम, म्हणजे राष्ट्राध्यक्षांवरचं कलम, हे काँग्रेसवरच्या पहिल्या कलमापेक्षा खूपच छोटं आहे आणि त्यात राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्या हक्काचं मिळालेलं फार थोडं आहे. तो सैन्याचा कमांडर-इन-चीफ, फेडरल (केंद्रीय) गुन्ह्यांना माफी तो देऊ शकतो, बिलावर व्हेटो मारू शकतो (हे लिहिलंय मात्र पहिल्या कलमात, आणि दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी परत पास केलं तर तोही जातो), सिनेटच्या संमतीने मंत्री, राजदूत, जज नेमू शकतो, सिनेटचे दोन-तृतीयांश सोबत असतील तर तह करू शकतो, आणि कायदे नीट अमलात येतायत ना हे बघणं त्याचं काम. बास, जवळजवळ एवढंच. बाकी जी प्रचंड पॉवर आपल्याला टीव्हीवर दिसते ती काँग्रेसने वेळोवेळी कायदे करून त्याच्याकडे सोपवलेली आहे. आपल्याकडे जमिनीचा मालक कुणाच्या तरी नावे कुलमुखत्यारपत्र करून देतो ना, तसं. मुखत्याराने कितीही रुबाबात सह्या ठोकल्या तरी पहिला प्रश्न एकच, पत्रात काय लिहिलंय.

भारतातून बघणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे पंतप्रधानाच्या मागे लोकसभेतलं बहुमत असतंच, नाहीतर तो पंतप्रधान राहतच नाही, आणि मंत्री संसदेतलेच असतात, त्यामुळे सरकारला कायदा हवा असेल तर तो बहुतेक वेळा होतोच. इथे उलटं आहे, काँग्रेसचा मेंबर मंत्री होऊच शकत नाही, व्हायचं असेल तर आधी सीट सोडायची, आणि राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि दोन्ही सभागृहं विरोधी पक्षाची असंही वर्षानुवर्षं चालतं. दुसरं म्हणजे एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणजे भारतातला अध्यादेश नाही. कलम १२३ खाली निघालेल्या अध्यादेशाला कायद्याइतकीच ताकद असते, मग संसद बसली की सहा आठवड्यांत मंजुरी लागते. एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नवीन कायदा करतच नाही. ती राष्ट्राध्यक्षाने स्वतःच्या हाताखालच्या खात्यांना दिलेली सूचना असते, आणि अशा बहुतेक ऑर्डरींच्या शेवटी एक ठराविक परिच्छेद असतो की हे लागू कायद्यांना धरून आणि पैसे उपलब्ध असतील त्याप्रमाणेच अमलात आणायचं. मी नवीन ऑर्डर आली की आधी तो शेवट आणि मग सुरुवातीला कुठल्या कायद्याचं कलम दिलंय ते वाचतो, मधला मजकूर बराचसा भाषण असतो.

आणि हो, इथे राष्ट्रपती राजवट नावाचा प्रकार नाही. एखादा गव्हर्नर (राज्याचा निवडून आलेला प्रमुख) राष्ट्राध्यक्षाला कितीही नकोसा असला तरी त्याला घरी पाठवता येत नाही. शाळा, पोलीस, ड्रायव्हिंग लायसन्स, घराचे व्यवहार, हे सगळं राज्यांचं.

आता माझं सगळ्यात आवडतं वर्ष, १९५२. कोरियात युद्ध चालू, इकडे स्टीलच्या गिरण्यांमध्ये संप होणार, राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन म्हणाले स्टील थांबलं तर सैन्याचं काय, आणि एप्रिलमध्ये एक ऑर्डर काढून देशातल्या मुख्य स्टील मिल सरकारच्या ताब्यात घ्यायला सांगितल्या. कंपन्या कोर्टात गेल्या. २ जूनला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की असा अधिकार ना घटनेने दिलाय ना काँग्रेसने, उलट १९४७ मध्ये कामगार कायदा करताना काँग्रेसने असा ताबा घेण्याचा पर्याय विचारात घेऊन बाजूला ठेवला होता. मिल परत गेल्या, संप झाला आणि पन्नासहून जास्त दिवस चालला. त्या निकालात जस्टिस रॉबर्ट जॅक्सन यांनी स्वतंत्रपणे जे मत लिहिलं ते आजही आमची गीता आहे: काँग्रेसच्या परवानगीने वागणारा राष्ट्राध्यक्ष सगळ्यात ताकदवान, काँग्रेस गप्प असेल तिथे धूसर पट्टा, आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध वागला तर त्याची ताकद सगळ्यात कमी.

पण गंमत पुढे आहे. त्याच जून महिन्याच्या शेवटी काँग्रेसने इमिग्रेशनचा नवीन कायदा ट्रुमन यांचा व्हेटो मोडून पास केला. ट्रुमन यांना तो वंशभेदी वाटत होता आणि बऱ्याच अंशी होताच. त्या कायद्यात एक कलम आहे, आम्ही त्याला टू-ट्वेल्व्ह-एफ म्हणतो, त्यात म्हटलंय की परक्या नागरिकांच्या कुठल्याही वर्गाचं देशात येणं देशहिताला बाधक आहे असं राष्ट्राध्यक्षाला वाटलं तर त्याला योग्य वाटेल तितका काळ तो त्यांचं येणं थांबवू शकतो किंवा त्यावर बंधनं घालू शकतो. म्हणजे स्टीलवर हात टाकला म्हणून ज्या राष्ट्राध्यक्षाची बोटं कोर्टाने झटकली, त्याच्याच नाकावर टिच्चून काँग्रेसने पुढच्या सगळ्या राष्ट्राध्यक्षांना हे भलंमोठं मुखत्यारपत्र लिहून दिलं, आणि त्या पत्राचा माझ्या क्लायंट लोकांना जितका त्रास झालाय तितका क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल.

ट्रम्प यांचा २०१७ चा ट्रॅव्हल बॅन आठवा. २७ जानेवारीला, शुक्रवारी संध्याकाळच्या सुमारास सही, सात मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांना यायला बंदी, खात्यांशी धड चर्चा नाही, सुरुवातीला तर ग्रीन कार्डवाल्यांनाही एअरपोर्टवर अडवलं, वकील मंडळी लॅपटॉप घेऊन टर्मिनलमध्ये जमिनीवर बसलेली. आठवड्याभरात सिएटलच्या जजने स्थगिती दिली. मार्चमध्ये सुधारलेली ऑर्डर आली, तीही अडकली. मग सप्टेंबरमध्ये तिसरी आवृत्ती, यावेळी आधी सगळ्या देशांच्या माहिती देण्याच्या पद्धतीचा खात्यांकडून रिव्ह्यू करून, देशागणिक कारणं देऊन. जून २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती ५ विरुद्ध ४ ने मान्य केली, टू-ट्वेल्व्ह-एफच्याच जोरावर. धडा असा की कलम पहिल्या दिवशीही तेच होतं, पण कागद नीट तयार करून आल्यावर निकाल फिरला. आणि जानेवारी २०२१ मध्ये नवीन राष्ट्राध्यक्ष आले, पहिल्याच दिवशी एका सहीत ते सगळं रद्द. सहीने आलेलं सहीने जातं. २०२५ मध्ये परत नवीन यादी आलीच.

आपल्या लोकांना जास्त झोंबलेलं प्रकरण म्हणजे सप्टेंबर २०२५ चं एक लाख डॉलरवालं प्रोक्लमेशन, म्हणजे एच-वन-बीवर एवढी फी लावणारी राष्ट्राध्यक्षाची जाहीर घोषणा. शुक्रवार १९ तारखेला सही, शनिवारची मध्यरात्र उलटून १२ वाजून १ मिनिटाने (म्हणजे रविवार लागताच) लागू, आणि सोमवारी घटस्थापना, म्हणजे कितीतरी लोक पुण्या-मुंबईला घरी पोचलेले किंवा विमानात बसलेले. मोठ्या कंपन्यांनी मेल पाठवले की असाल तिथून चोवीस तासांत परत या. फी दरवर्षी लागणार का एकदाच, जुन्या व्हिसावाल्यांना लागणार का, याची उत्तरं सहीच्या वेळी एक आणि शनिवारी व्हाइट हाऊसच्या खुलाशात दुसरी. शनिवारी कळलं की फक्त नवीन पिटिशनला (कंपनीच्या अर्जाला) आणि एकदाच. तोपर्यंत लोकांनी तिकिटांवर जे पैसे उडवले ते उडालेच.

पण त्याचं पुढे काय झालं ते बघा, म्हणजे मुखत्यारपत्राचा मुद्दा लक्षात येईल. कलमात अधिकार आहे तो देशात ‘येणं’ थांबवायचा. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की जो विद्यार्थी आधीच अमेरिकेत आहे आणि इथेच राहून स्टेटस बदलून एच-वन घेतोय त्याला ही फी नाही. त्याच महिन्यात कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन डीसीच्या फेडरल कोर्टांत दावेही पडले, मुद्दा हाच की येणं रोखणं वेगळं आणि पैसे वसूल करणं वेगळं, कर बसवायचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिलाय.

आता जिथे सही चालत नाही तिकडे वळू. एच-वनचा वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकन मास्टर्सवाल्यांचा वेगळा २० हजार हे आकडे कायद्यात लिहिलेत. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, हेही १९९० पासून कायद्यातच. भारतीयांची लाईन त्यामुळेच लागलीय. एकही राष्ट्राध्यक्ष, मग तो कितीही भारतप्रेमी भाषण करो, टेक्सासच्या स्टेडियममध्ये करो की अहमदाबादच्या, तो ७ टक्क्यांचा आकडा ८ करू शकत नाही. दर निवडणुकीला मला कुणीतरी विचारतंच की हे निवडून आले तर आमचं लवकर होईल का. आकडे हलवायचे तर काँग्रेस लागते, आणि ग्रीन कार्डच्या ह्या आकड्यांवर काँग्रेस गेली पस्तीसेक वर्षं हललेली नाही.

तसंच पैशाचं. काँग्रेसने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघत नाही, आणि मंजूर केलेला पैसा राष्ट्राध्यक्षाला आवडत नाही म्हणून अडवूनही ठेवता येत नाही, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तो खेळ बराच केल्यावर १९७४ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा झाला, आणि त्यावरून भांडणं आजही चालूच आहेत. बायडन यांनी विद्यार्थ्यांचं साधारण ४०० अब्ज डॉलरचं कर्ज माफ करायचं ठरवलं, आधार म्हणून २००३ चा एक कायदा दाखवला, सुप्रीम कोर्टाने जून २०२३ मध्ये म्हटलं की त्या कायद्यात एवढं मावत नाही. पक्ष कुठलाही असो, प्रश्न तोच. बजेट अडलं की काय होतं ते आमच्या ऑफिसने ऑक्टोबर २०२५ मध्ये बघितलं. सरकार ४३ दिवस बंद पडलं, इमिग्रेशन खातं चालू कारण ते लोकांच्या फीवर चालतं, पण लेबर खात्याचं सर्टिफिकेशन जवळपास महिनाभर ठप्प, आणि त्या कागदाशिवाय एच-वनची फाईल पुढे सरकतच नाही.

आता ज्या भागाबद्दल कुणी बोलत नाही आणि ज्यावर माझं पोट चालतं तो भाग. कॅबिनेटची १५ खाती, वीस लाखांहून जास्त सिव्हिलियन कर्मचारी, त्यातले राजकीय नेमणुकीचे साधारण चार हजार. बाकी सगळे कायमचे नोकरदार, कारण १८८१ मध्ये नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एकाने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी घातली आणि १८८३ मध्ये वशिल्याच्या भरतीला आळा घालणारा कायदा आला. ही जी मधली फळी आहे, नियम, मेमो, गाइडन्स लिहिणारी आणि फाईलवर बसणारी, तिच्यातून एक्झिक्युटिव्ह पॉवर रोजच्या आयुष्यात उतरते.

डाका हा लहानपणी आणलेल्या मुलांना डिपोर्ट न करण्याचा कार्यक्रम घ्या. लाखो लोकांचं आयुष्य त्यावर उभं राहिलं आणि ती एक्झिक्युटिव्ह ऑर्डरसुद्धा नव्हती, जून २०१२ मध्ये गृहसुरक्षा मंत्र्यांनी काढलेला तीन पानी मेमो होता. २०१७ मध्ये पुढच्या सरकारने तो मागे घ्यायचा ठरवला, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मागे घेऊ शकता पण कारणं नीट द्या, ही कारणं पुरेशी नाहीत. किंवा ऑक्टोबर २०१७ चा एक छोटासा मेमो: आधी मंजूर झालेलं एच-वन रिन्यू करताना जुन्या मंजुरीला मान द्यायची गरज नाही. कायदा तोच, कंपनी तीच, काम तेच, आणि लोकांना तिसऱ्या एक्स्टेन्शनला जाडजूड आरएफई, म्हणजे आणखी पुरावे मागणारी नोटीस. सही समारंभ नाही, काही नाही. २०२१ मध्ये ते धोरण उलटं फिरवलं, आणि जानेवारी २०२५ पासून तर ते नियमातच आहे, म्हणजे परत नुसत्या मेमोने फिरवता येणार नाही.

एक्झिक्युटिव्ह ब्रँचला दबावही कळतो, हे सांगायला २००७ चा किस्सा. जुलैच्या व्हिसा बुलेटिनमध्ये (ग्रीन कार्डच्या लाईनीत कुणाचा नंबर लागला हे सांगणाऱ्या सरकारी पत्रकात) नोकरीवर आधारित जवळपास सगळ्या कॅटेगरी खुल्या दाखवल्या, लोकांनी मेडिकल केली, वकिलांचे पैसे भरले, आणि २ जुलैला सांगितलं की सॉरी, नंबर संपले. भारतीयांनी गांधीगिरी केली, इमिग्रेशन खात्याच्या डायरेक्टरला शेकड्याने फुलं पाठवली, त्यांनी ती जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलला पाठवली. १७ जुलैला निर्णय फिरला आणि महिनाभर अर्ज स्वीकारले गेले. कायदा बदलला नाही, कोर्टाचा निकाल लागला नाही.

आणि एक गोष्ट बऱ्याच क्लायंटना धक्का देते. इमिग्रेशन कोर्टात जो काळा झगा घालून बसलेला जज असतो तो न्यायव्यवस्थेचा नसतोच, न्याय खात्याचा, म्हणजे एक्झिक्युटिव्हचाच कर्मचारी असतो, आणि त्या खात्याचे प्रमुख अ‍ॅटर्नी जनरल हवं तर केस वर मागवून घेऊन स्वतः निकाल देऊ शकतात. तुमच्या विरुद्धचा वकील सरकारचा आणि जजही सरकारचा. खऱ्या फेडरल कोर्टात पोचायला त्यानंतर बराच वेळ लागतो.

खऱ्या कोर्टांचंही थोडं बदललंय. २० जानेवारी २०२५ ला जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावरची ऑर्डर निघाली, तिच्यात एच-वनवाल्यांची इथे जन्मणारी बाळंही येत होती, तीन दिवसांत सिएटलच्या जजने अडवली आणि ठरलेल्या तारखेला ती लागू झालीच नाही. पण जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने म्हटलं की एका जिल्हा जजने अख्ख्या देशाला लागू होणारी स्थगिती देणं सहसा त्याच्या अधिकाराबाहेरचं आहे. मग वकील क्लास अ‍ॅक्शनच्या (एका अख्ख्या गटाच्या वतीने केलेल्या दाव्याच्या) वाटेने गेले आणि जुलैमध्ये न्यू हॅम्पशायरच्या जजने त्या मार्गाने परत ऑर्डर अडवली. म्हणून आता बातमी आली की ‘स्थगिती मिळाली’ एवढ्यावर पेढे वाटू नका, कुणाला मिळाली ते वाचा, दावेदार संस्थेच्या मेंबरांनाच का सगळ्यांना.

युद्ध आणि माफी यावर मी फार बोलणार नाही, माझा विषय नाही. एवढंच की काँग्रेसने शेवटचं औपचारिक युद्ध १९४२ मध्ये जाहीर केलं आणि त्यानंतर काय काय लढाया झाल्या ते तुम्हाला माहीत आहे, तिथे राष्ट्राध्यक्षाची पकड कागदापेक्षा बरीच मोठी आहे. आणि माफी फक्त फेडरल गुन्ह्याला, राज्याच्या गुन्ह्याला नाही.

तर आता तुमच्या बायकोचं वर्क परमिट. एच-फोरवर काम करायची परवानगी काँग्रेसने स्पष्ट शब्दांत दिलेली नाही, ती २०१५ मध्ये खात्याने रेग्युलेशन करून दिली, २६ मे पासून लागू. त्यावर वर्षानुवर्षं खटला चालला, डीसीच्या अपील कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम टिकवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो विषय घ्यायला नकार दिला. रेग्युलेशन काढायचं तर रेग्युलेशनच करावं लागतं: प्रस्ताव फेडरल रजिस्टरमध्ये (सरकारी राजपत्रात) छापायचा, लोकांच्या हरकती मागवायच्या, त्यांना उत्तरं द्यायची, मग अंतिम नियम, मग खटला. मागच्या वेळी २०१७ पासून चार वर्षं हे काढणार काढणार म्हणत होते, प्रस्ताव व्हाइट हाऊसच्या बजेट ऑफिसपर्यंत पोचलाही होता, छापून कधीच आला नाही. म्हणून सकाळी उठून परमिट गेलेलं असेल ही भीती सोडा.

पण दुसरी गोष्ट झाली आणि तिच्याकडे कुणाचं फार लक्ष गेलं नाही. रिन्यूअल वेळेत भरलं की जुनं परमिट ५४० दिवसांपर्यंत आपोआप वाढायचं, ती सोय ३० ऑक्टोबर २०२५ पासून नव्याने भरलेल्या अर्जांना बंद झाली, आणि ती अंतरिम नियमाने, आधी हरकती न मागवता, छापल्या दिवसापासून. कार्डाची तारीख संपली आणि नवीन आलं नाही तर त्या दिवसापासून काम बंद, पगार बंद. त्यामुळे संपायच्या १८० दिवस आधी अर्ज भरता येतो तो १८० व्या दिवशीच भरा, तुमचं एच-वन एक्स्टेन्शन त्या वेळेला मंजूर असेल असं कंपनीच्या वकिलाकडून आजच लिहून घ्या, आणि दोन्ही अर्ज एकत्र जाणार असतील तर प्रीमियमची (लवकर निकालासाठीची जादा) फी कोण भरणार हेही एचआरला आत्ताच विचारून ठेवा.